चिमूटभर धूप आणि एक सरकारी दाखला

इ. स. 250 चा जून महिना. इजिप्तच्या फय्यूम भागात ‘अलेक्झांडरचं बेट’ नावाचं एक खेडं होतं. तिथल्या ऑरेलियस डायोजेनिस या 72 वर्षांच्या म्हाताऱ्याने गावच्या समितीपुढे एक अर्ज ठेवला. ओळखीची खूण म्हणून लिहिलंय, उजव्या भुवईवर व्रण. मजकूर साधारण असा : ‘मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे. आताही हुकमाप्रमाणे तुमच्यासमक्ष बळी दिला, मद्य वाहिलं आणि बळीचा प्रसाद चाखला. तरी तसा दाखला मिळावा, ही विनंती.’ आपल्याकडे पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याच जातीचा हा कागद. फक्त इथे सिद्ध करायची होती ती देवभक्ती.

असे चाळीसहून जास्त दाखले इजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकून राहिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून हाती लागत गेले. त्यातला एक मला फार आवडतो. तो आहे ऑरेलिया अम्मोनूस या बाईचा, आणि ही बाई मगरीच्या रूपातल्या पेतेसूखोस देवाची पुजारीण! म्हणजे जिचं पोटच देवळावर चालत होतं, तिलाही ‘मी देवांना मानते’ असा दाखला काढावा लागला. या कागदांमध्ये ख्रिस्ती लोकांचा उल्लेखही नाही. तरीसुद्धा ख्रिस्ती इतिहासातला पहिला साम्राज्यव्यापी छळ म्हणून जो ओळखला जातो, तो याच कागदांचा.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या छळाचं जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असतं ते सिनेमातून आलेलं आहे. वर सिंह, खाली भुयारात लपलेली मंडळी, आणि हे सगळं सलग तीनशे वर्षं. ती भुयारं, म्हणजे रोमची कॅटॅकोम्ब, खरं तर दफनभूमी होती. माणसं तिथे लपून राहत नव्हती, मेलेल्यांना तिथे पुरत होती. छळ झाला, तो भयंकरही होता, पण तुटक तुटक. आज या शहरात, मग वीस वर्षं काही नाही, मग भलत्याच प्रांतात. साऱ्या साम्राज्याला लागू असलेले हुकूम निघाले ते तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून, आणि ते अंमलात असलेली वर्षं जोडली तरी पंधराच्या आत भरतात.

रोमला एवढं खुपत काय होतं? नव्या देवाचं वावडं रोमला एरवी फारसं नव्हतं. इजिप्तची इसिस आली, इराणकडचं नाव घेऊन मिथ्र आला, सगळ्यांना जागा मिळाली. अट एकच, जुन्यांना सोडायचं नाही. देवांना त्यांचा मान वेळच्या वेळी मिळाला तर पाऊस पडतो, सैन्य जिंकतं, शहर सुखी राहतं, अशी ती समजूत. मनात श्रद्धा आहे की नाही हे कुणी विचारत नव्हतं. बळी दिला, धूप टाकला, झालं. ज्यू लोक तेवढं करत नसत, पण त्यांचा धर्म पुरातन, वाडवडिलांचा, म्हणून नाक मुरडून का होईना सवलत होती. ख्रिस्ती माणसं कालपर्यंत शेजारच्या देवळात येणारी, आणि आज म्हणतात की तुमचे देव म्हणजे भुतं! वाडवडिलांचं सोडलं आणि ज्यूंचंही पाळत नाहीत, तेव्हा यांना कोणत्या खात्यात घालायचं? लोकांनी त्यांना चक्क नास्तिक म्हटलं. त्यात अफवा : हे पोरं खातात, एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात आणि लग्नं लावतात.

इ. स. 64 मध्ये रोम जळलं तेव्हा नीरोने खापर फोडायला याच लोकांना निवडलं. टॅसिटस या इतिहासकाराने त्याचं वर्णन केलंय : जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांपुढे टाकलेली माणसं, खांबाला बांधून रात्री मशालींसारखी जाळलेली माणसं. टॅसिटसला स्वतःला ख्रिस्ती लोकांची घृणा होती, त्यामुळे त्याची साक्ष वजनदार ठरते. पण तो प्रकार रोम शहरापुरता होता, आणि त्यातून कायदा असा काही निघाला नाही.

कायद्याचा गोंधळ पाहायचा तर सुमारे 112 सालचं एक पत्र वाचावं. आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात बिथिनिया-पोंटस नावाचा प्रांत होता, तिथला सुभेदार प्लिनी. वकिलीत मुरलेला, सभ्य, आणि प्रत्येक गोष्ट सम्राट ट्राजनला विचारून करणारा. तो लिहितो, की ख्रिस्ती लोकांच्या खटल्यांत मी कधी हजर नव्हतो, त्यामुळे गुन्हा नेमका कशाचा धरायचा तेच कळत नाही : ख्रिस्ती या नावाचा, की त्या नावाखाली केलेल्या कृत्यांचा? तोवर त्याने आपली एक पद्धत बसवली होती. आरोपीला तीनदा विचारायचं, ‘तू ख्रिस्ती आहेस का?’ शिक्षेची धमकी द्यायची. तिन्ही वेळा हो म्हणाला तर मृत्युदंड. रोमन नागरिक असेल तर रोमला रवानगी. नाही म्हणाला तर देवांची प्रार्थना, सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप आणि मद्य, आणि ख्रिस्ताला शिव्याशाप. हे केलं की तो मोकळा.

मग एक निनावी चिठ्ठी आली, भरपूर नावं असलेली. प्लिनीने चौकशी केली, मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती संघात, सेवेचं पद असलेल्या दोन दासींना यातना देऊन विचारलं. हाती काय लागलं? ही माणसं ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात आणि नंतर साधं जेवण जेवतात. प्लिनीच्या लेखी हा एक अतिरेकी भ्रम, बाकी काही नाही. त्याला जास्त समाधान होतं ते देवळांत पुन्हा वर्दळ सुरू झाल्याचं आणि बळीच्या मांसाला पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागल्याचं.

ट्राजनचं उत्तर चार ओळींचं. यांना शोधत फिरू नका. कुणी समोर आणून सिद्ध केलंच तर शिक्षा द्या. देवांची पूजा करून दाखवली तर मागचं सगळं माफ. निनावी चिठ्ठ्या मुळीच घेऊ नका, ते आपल्या काळाला शोभत नाही. उदार वाटतं ना? पण पुढे तेर्तुलियन या उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तिखट लेखकाने त्यातली मेख बरोबर पकडली : निर्दोष आहेत म्हणून शोधायचं नाही, आणि दोषी आहेत म्हणून शिक्षा करायची! जगात दुसरा कुठला गुन्हा असा नव्हता, ज्यात ‘आता करत नाही’ एवढं म्हटलं की सुटका. चोराला असं सोडत नाहीत.

या उत्तराचा परिणाम असा झाला की पुढची सव्वाशेहून जास्त वर्षं सगळं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मर्जीवर राहिलं. शेजारी बरे असले तर आयुष्य सुखात. दुष्काळ पडला, साथ आली, की बोट यांच्याकडे. तेर्तुलियनच म्हणतो, टायबर नदी तटापर्यंत चढली, नाईल शेतापर्यंत चढली नाही, पाऊस पडला नाही, धरणीकंप झाला, की आरोळी ठरलेली : ‘ख्रिस्ती लोकांना सिंहापुढे टाका!’ आणि मग त्याचा खवचट प्रश्न, इतके सगळे, एकाच सिंहाला?

खटल्यांचे जे वृत्तांत टिकले आहेत त्यांत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. न्यायासनावर बसलेल्याला माणूस मारायचा नसतो. माघार घेतलेली त्याला हवी असते, आणि त्यासाठी तो जवळजवळ गळ घालतो. 17 जुलै 180 रोजी कार्थेजमध्ये स्किलियम गावची काही माणसं सुभेदार सॅटर्निनसपुढे उभी होती. त्यातल्या स्पेरातुसच्या हातात पेटी. ‘त्यात काय आहे?’ ‘पुस्तकं, आणि पौल नावाच्या एका नीतिमान माणसाची पत्रं.’ सुभेदार म्हणतो, विचार करायला तीस दिवस घ्या. उत्तर येतं, ‘मी ख्रिस्ती आहे.’ बाराही जणांचा शिरच्छेद झाला. हा अख्खा वृत्तांत पान-दीड पानाचा आहे. ना चमत्कार, ना भाषण. म्हणूनच तो खरा वाटतो.

याच कार्थेजमध्ये 203 साली पेर्पेतुआ नावाची सुमारे बावीस वर्षांची, चांगल्या घरातली, अंगावर पिणारं मूल असलेली बाई पकडली गेली. तिने तुरुंगात लिहिलेली टिपणं आपल्यापर्यंत आली आहेत. त्या काळातल्या बाईच्या हातचं लिखाण मुळातच दुर्मीळ, त्यात हे. वडील विनवायला येतात. ती तिथल्या एका भांड्याकडे बोट दाखवून विचारते, याला याच्या नावाशिवाय दुसरं काही म्हणता येईल का? नाही ना? मग मीही ख्रिस्ती सोडून दुसरं काही म्हणवून घेऊ शकत नाही. वडील चवताळतात, पुन्हा येतात, तिचे हात धरून रडतात, पाया पडतात. खटल्याच्या दिवशी ते नातवाला घेऊन हजर. हिलारियानुस हा अधिकारीही म्हणतो, बापाच्या पिकल्या केसांची दया कर, पोराची कर, सम्राटांच्या कल्याणासाठी बळी दे. ती नाही म्हणते. मध्ये पडणाऱ्या म्हाताऱ्याला छडीचा फटका बसतो, आणि ती लिहिते, की तो जणू मलाच बसला. पुढची नोंद आईची आहे : बाळाने अंगावर प्यायचं सोडलं आणि माझी छातीही दुखली नाही, म्हणजे पोराची काळजी राहिली नाही. तिच्याबरोबर फेलिसितास ही दासीही होती, आठ महिन्यांची गरोदर. तुरुंगातच बाळंत झाली. 7 मार्चला दोघींना आखाड्यात नेलं.

या बाजूने मरणाकडे धावणारेही होते, आणि मंडळीला त्यांचं फार कौतुक नव्हतं. स्मर्नाचे वृद्ध बिशप पॉलिकार्प यांच्या मृत्यूच्या वृत्तांतात क्विंतुस नावाचा एक जण येतो. स्वतःहून पुढे झाला, इतरांनाही पुढे व्हायला लावलं, आणि श्वापदं दिसताच गर्भगळित होऊन धूप टाकून मोकळा झाला. वृत्तांत लिहिणारे स्पष्ट म्हणतात, आपणहून स्वाधीन होणं आम्हाला मान्य नाही. पॉलिकार्प स्वतः आधी शेतावरच्या घरात जाऊन राहिले होते.

आता पुन्हा 250 कडे. 248 मध्ये रोमने आपली हजार वर्षं थाटात साजरी केली होती, पण दिवस वाईट होते. डॅन्यूबपलीकडून गॉथ लोकांच्या धाडी, सम्राटांच्या खुर्चीची पळवापळवी. 249 मध्ये गादीवर आलेल्या डेशियसला वाटलं, देव रुसले आहेत, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यांना राजी करावं. ‘सगळ्यांनी’ हा शब्द तोवर शक्यच नव्हता. 212 मध्ये काराकाल्लाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिलं. त्याचं कुळनाव ऑरेलियस, म्हणून या नव्या नागरिकांनीही तेच लावलं. डायोजेनिस ऑरेलियस, पुजारीण ऑरेलिया, आणि दाखल्यांवर सह्या करणारे अधिकारीही ऑरेलियसच. आता प्रत्येक जण रोमचा, म्हणून प्रत्येक जण रोमच्या देवांचं काही देणं लागतो. गावोगाव समित्या बसल्या. करवसुलीची यंत्रणा तयारच होती, तीच माणसं मोजायला उपयोगी पडली.

कार्थेजमध्ये काय झालं ते तिथला बिशप सिप्रियन सांगतो, आणि त्याला सांगताना लाज वाटत असल्याचं ओळीओळीत दिसतं. कुणी पकडायच्या आधीच लोक टेकडीवरच्या देवळाकडे धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी म्हणाले उद्या या, तर माणसं गयावया करू लागली, आजच उरकून टाका. आईबापांनी तान्ही पोरं कडेवर नेली. काहींनी बळी दिला, काहींनी नुसता धूप टाकला. आणि काहींनी डोकं लढवलं. अधिकाऱ्याला गाठून सांगितलं, मी ख्रिस्ती, मला वेदीपुढे जाता येणार नाही, पण पैसे देतो, कागद तेवढा द्या. चिरीमिरी घेऊन दाखला मिळाला. बळीही दिला नाही, जीवही वाचला. मंडळीत अशांना वेगळं नावच पडलं, दाखलेवाले.

छळ वर्षभरात ओसरला. 251 मध्ये डेशियस गॉथांशी लढताना मेला. खरा तिढा पुढे होता : या माणसांचं करायचं काय? ती परत येऊन दाराशी उभी होती. शेजारीच तुरुंगातून सुटून आलेले होते, अंगावर चटक्यांचे डाग असलेले, आणि त्यांचा मान कुठल्याही पाळकापेक्षा मोठा. ते माफीची चिठ्ठी देऊ लागले. काही चिठ्ठ्यांवर तर ‘अमुक आणि त्याची माणसं’ एवढंच. सिप्रियन वैतागून लिहितो, अशाने एका चिठ्ठीवर वीस-तीस जण आत येतील! म्हणजे सरकारी दाखल्यावर उतारा म्हणून आता मंडळीचा दाखला. सिप्रियनची स्वतःची बाजूही लंगडी होती, कारण छळ सुरू होताच तो गाव सोडून लपला होता आणि पत्रांवर कारभार चालवत होता. रोमचा बिशप फेबियन त्याच छळात जानेवारी 250 मध्ये गेला, त्यामुळे तुलना व्हायचीच.

शेवटी 251 च्या सभेत मधला मार्ग निघाला. दाखलेवाल्यांना चौकशी करून परत घ्यायचं, बळी देणाऱ्यांनी प्रायश्चित्त करत राहायचं आणि मरणाच्या दारी त्यांना क्षमा. नव्या छळाची चाहूल लागल्यावर हेही सैल केलं. रोममध्ये नोवेशियन नावाचा विद्वान म्हणाला, असल्यांना परत घ्यायचा अधिकार मंडळीला नाहीच, आणि त्याने वेगळी चूल मांडली. मला सिप्रियनचा निकाल पटतो. टिकले ते थोर, पण पोराबाळांना घेऊन भेदरून टेकडी चढणाऱ्यांनाही कुठेतरी परत यायला जागा हवीच. सिप्रियनने मात्र स्वतःवरचा डाग पुसला. 14 सप्टेंबर 258 रोजी, व्हॅलेरियनच्या राज्यात, शिक्षा ऐकल्यावर तो ‘देवाचे आभार’ म्हणाला आणि तलवार चालवणाऱ्याला 25 सोन्याची नाणी द्यायला सांगितली.

एकंदर किती माणसं मेली? पक्का आकडा कुणाकडे नाही. डेशियसच्या आधीच्या काळाबद्दल ओरिजेन, ज्याचे वडील रक्तसाक्षी झाले, म्हणजे धर्मासाठी मेले, आणि ज्याला पुढे स्वतःला यातना भोगाव्या लागल्या, तोच लिहून ठेवतो की धर्मासाठी मेलेले थोडे, सहज मोजता येतील इतके. नंतरच्या मोठ्या छळांची भर घातली तरी अभ्यासकांचे अंदाज काही हजारांत राहतात, लाखांत जात नाहीत. लाख झाले ते नंतरच्या कथांत. त्यातली एक कथा गोव्याला पोचली. काट्यांच्या चाकावर चढवलेली आणि पन्नास पंडितांना वादात हरवणारी अलेक्झांड्रियाची कॅथरिन. 25 नोव्हेंबर 1510 हा तिच्या सणाचा दिवस, त्या दिवशी अल्बुकर्कने गोवा जिंकलं, म्हणून ओल्ड गोव्याचं से कॅथीड्रल तिच्या नावाचं. तिच्याबद्दलचं लिखाण मात्र तिच्या मानलेल्या काळानंतर काही शतकांनी सुरू होतं, आणि अशी बाई होऊन गेली का, याचीच इतिहासकारांना शंका आहे. 1969 मध्ये रोमने तिचं नाव सार्वत्रिक पंचांगातून काढलं, 2002 मध्ये परत घातलं.

व्हॅलेरियन 260 मध्ये इराणी सम्राट शापूरच्या हाती जिवंत सापडला, त्याच्या मुलाने छळ थांबवला आणि चाळीस वर्षं शांततेची गेली. चर्चच्या इमारती उघड्यावर उभ्या राहिल्या. निकोमेडिया शहरातली तर सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्यातून दिसायची. 23 फेब्रुवारी 303 रोजी तीच आधी पाडली. या खेपेला सुरुवातीचा रोख माणसांपेक्षा वास्तूंवर आणि पुस्तकांवर होता : धर्मग्रंथ गोळा करा आणि जाळा.

19 मे 303 ला सिर्टा शहरात, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइनमध्ये, जप्ती झाली आणि तिचा पंचनामा शब्दशः टिकला आहे. शहराचा कारभारी मुनातियस फेलिक्स मंडळीच्या घरी येतो. बिशप पौल बसलेला. ‘धर्मग्रंथ बाहेर काढा.’ ‘ते वाचकांकडे असतात. इथे जे आहे ते देतो.’ (वाचक म्हणजे उपासनेत ग्रंथ वाचून दाखवणारे.) कारकून लिहीत जातो : सोन्याचे दोन प्याले, चांदीचे सहा, बायकांचे अंगरखे 82, पुरुषांचे 16, पुरुषांचे जोडे 13, बायकांचे 47. गरिबांना वाटायचं कापडचोपड असावं, आणि गरजू बायका किती होत्या तेही त्यावरून कळतं. पुस्तकांची कपाटं रिकामी निघतात. सिल्वानुस नावाचा उपडीकन, म्हणजे मंडळीतला कनिष्ठ सेवक, पिंपामागून चांदीची पेटी आणि दिवा काढून देतो. एक जण त्याला म्हणतो, हे सापडलं नसतं तर तू मेलाच होतास. दुसरे दोघे उपडीकन वाचकांचे पत्ते सांगत नाहीत : ‘आम्ही घात करणारे नाही. हे आम्ही उभे, मारायला सांगा.’ त्यांना अटक होते. मग घरोघर फिरून पुस्तकं जमा केली जातात, कुणाकडून चार, कुणाकडून पाच, कुणाकडून आठ.

311 मध्ये मरणाला टेकलेल्या सम्राट गॅलेरियसने छळ मागे घेतला आणि ख्रिस्ती लोकांना आपल्यासाठी प्रार्थना करायची विनंती केली. 313 मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या सम्राटांनी जप्त मालमत्ता परत दिली. आफ्रिकेत मात्र भांडण तेव्हा कुठे पेटलं. कार्थेजचा नवा बिशप सेसिलियन याच्यावर हात ठेवून त्याला पदावर बसवणाऱ्या बिशपाने छळात पुस्तकं सोपवली होती, असा आरोप झाला. म्हणून सेसिलियनचं पद खोटं, त्याने दिलेला बाप्तिस्माही खोटा! असं म्हणणारे डोनाटिस्ट स्वतःला रक्तसाक्षींची मंडळी म्हणवत. सिर्टाचा त्यांचा बिशप होता सिल्वानुस, तोच, पिंपामागून दिवा काढून देणारा. 320 मध्ये त्याच्याच एका डीकनशी त्याचं बिनसलं. डीकनने जुनं दप्तर उकरलं आणि सुभेदार झेनोफिलसपुढे तो पंचनामा ओळ न ओळ वाचला गेला. 303 सालचा तो पंचनामा आज आपल्याला वाचता येतो, तो या खटल्याच्या कागदांत गुंतल्यामुळे.

सिल्वानुस हद्दपार झाला, पण फूट मिटली नाही. 411 मध्ये दोन्ही बाजूंचे मिळून पाचशेहून जास्त बिशप कार्थेजला जमले, ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन त्यांत होता, आणि वादाचा एक विषय तेव्हाही सेसिलियनच. निकाल डोनाटिस्टांविरुद्ध गेला. पुढच्याच वर्षी, आता स्वतः ख्रिस्ती झालेल्या साम्राज्याने हुकूम काढला, आणि जे डोनाटिस्ट मुख्य मंडळीत परत यायला तयार नव्हते त्यांच्यावर ज्याच्या त्याच्या हुद्द्याप्रमाणे दंड बसवला.